वडाखाली बसून पाठ केलेला वड

समोरच्या वाड्यातली सातवीतली मुलगी संध्याकाळी माझ्याकडे इंग्रजीला येते. मागच्या महिन्यात तिने वही उघडून पुढ्यात ठेवली. पानावर पट्टीने आखलेले तीन रकाने: शब्द, अर्थ, वाक्य. पहिल्यात 'बॅनियन'. दुसऱ्यात 'अ काइंड ऑफ इंडियन ट्री'. तिसऱ्यात 'धिस इज अ बॅनियन ट्री'. शेजारी लाल शाईने बरोबरची खूण, तीही चांगली लांबलचक.

"हे झाड कसं असतं गं?" मी विचारलं.

"भारतात असतं, काकू."

"तू पाहिलंयस कधी?"

तिने क्षणभर विचार केला आणि प्रामाणिकपणे मान हलवली. नाही.

बडोद्यातल्या मुलीने हे सांगावं! तिच्या वाड्यातून माझ्या दारापर्यंत यायच्या वाटेवर एक जुना वड आहे. त्याच्या पारंब्या विजेच्या तारांत अडकतात म्हणून दर पावसाळ्याआधी छाटल्या जातात, आणि दर दिवाळीपर्यंत पुन्हा लोंबायला लागतात. ज्येष्ठी पौर्णिमेला तिची आई आणि शेजारच्या गुजराती बायका त्याच खोडाला सूत गुंडाळतात. गावाच्या नावातही वडच आहे. लहानपणी आम्हाला 'वट' आणि 'उदर' अशी फोड सांगत, वडाच्या पोटातलं गाव. इ.स. ८१२ च्या ताम्रपटात या वस्तीचं नाव वडपद्रक असं आलं आहे, म्हणजे वडाचं खेडं. पोटाची गोष्ट पुढे कुणा रसिकाला सुचली असावी. वड मात्र दोन्हीकडे आहे. आणि या वडांच्या गावातली मुलगी वडाखालून चालत येऊन मला सांगते की बॅनियन नावाचं एक झाड भारतात कुठेतरी असतं.

तिला बोल लावण्यात अर्थ नाही. असे रकाने मी स्वतः अठ्ठावीस वर्षं मुलांकडून आखून घेतले आहेत. लाल खुणाही मीच केल्या.

त्या दिवशी मी वही मिटली आणि तिला या शब्दाची गोष्ट सांगितली. आपण ज्याला वाणी म्हणतो त्याला गुजरातीत वाणियो म्हणतात. दोन्ही संस्कृतातल्या 'वणिज्'वरून आले. पोर्तुगीज इथल्या बंदरांत उतरले तेव्हा त्यांना भेटले ते हेच वाणी. त्यांच्या तोंडी त्याचं 'बनियान' झालं आणि तिथून ते इंग्रजांकडे गेलं. तोवर या शब्दाला झाडाचा वासही नव्हता. बॅनियन म्हणजे गुजराती व्यापारी, एवढंच. हे व्यापारी इराणच्या आखातापर्यंत जात. तिथे बंदर अब्बासजवळ एका मोठ्या वडाखाली त्यांनी आपलं देऊळ मांडलं होतं, तिथेच त्यांची ऊठबस. १७ व्या शतकातल्या युरोपीय प्रवाशांनी ते पाहिलं आणि त्या झाडाला म्हणू लागले 'बनियांचं झाड'. पुढे बनिया गळले, झाड उरलं. आज इंग्रजीत बॅनियन म्हणजे वड.

गंमत इथेच संपत नाही. बनियांच्या अंगातला सैल, सुती कपडा साहेबांना या उकाड्यात फार मानवला. त्या कपड्यालाही त्यांनी तेच नाव दिलं. तो शब्द फिरून आपल्याकडे आला तो 'बनियन' होऊन. शिवाय इंग्रजांच्या आरमारात आठवड्यातल्या ज्या दिवशी खलाशांना मांस मिळत नसे त्या दिवसाला ते 'बॅनियन डे' म्हणत, कारण बनिया मांसाला शिवत नाहीत हे त्यांना ठाऊक होतं. म्हणजे आपल्या चतुर्थी-एकादशीसारखं, फक्त भक्तीऐवजी कुरकूर.

मुलगी ऐकता ऐकता उठली आणि गॅलरीच्या कठड्याशी गेली. समोर तिच्या वाड्याच्या दोरीवर तिच्या बाबांचे दोन बनियन वाळत होते. तिने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा कोपऱ्यावरच्या वाण्याच्या दुकानाकडे, मग वडाकडे, आणि म्हणाली, "काकू, हे तिन्ही एकच?"

तो शब्द ती आता विसरणार नाही, असं मी पैजेवर सांगते.

माझं म्हणणं तिन्ही रकान्यांच्या क्रमाबद्दल आहे. आपल्या शाळांत अर्थ आधी देतात, वापर नंतर, तोही एका बेचव वाक्यापुरता, आणि शब्दाचं कूळ तर देतच नाहीत. मला वाटतं हे नेमकं उलटं हवं. शब्द आधी चार-सहा वाक्यांत भेटावा. मग त्याचं कूळ सांगावं, आणि ते मुलाच्या घरच्या भाषेत सांगावं. अर्थ सर्वांत शेवटी, आणि तो मुलानेच सांगावा. आज परीक्षा अर्थाच्या रकान्यालाच गुण देते. त्यामुळे शिक्षक तो रकाना भरून घेतात, पालक तोच म्हणवून घेतात, आणि मार्चनंतर रद्दीवाला वह्या नेतो.

कूळ घरच्या भाषेत का, याची गोष्ट थोडी लांबवते, कारण खरा माल तिथे आहे.

'मसल' हा शब्द घ्या. दुसऱ्या रकान्यात येतं 'स्नायू'. सातवीतल्या मुलाला 'मसल' कळला नव्हता तसाच 'स्नायू'ही कळत नाही. एका अनोळखी माणसाची ओळख दुसऱ्या अनोळखी माणसाकडून करून दिल्यासारखं ते आहे. पण लॅटिनमध्ये 'मुस्कुलुस' म्हणजे छोटा उंदीर. दंड वळवला की कातडीखाली काहीतरी गोल सरकतं, रोमन माणसाला त्यात उंदीर दिसला. आता वर्गातल्या एखाद्या दांडगट मुलाला दंड वळवायला सांगा आणि बाकीच्यांना विचारा, मराठीत याला काय म्हणतात? कुणीतरी ओरडेलच, बेटकुळी! म्हणजे छोटी बेडकी. त्यांना उंदीर दिसला, आपल्याला बेडूक. दोन हजार वर्षांपूर्वीचा रोमन पैलवान आणि आपल्या नारायणाच्या तालमीतला पैलवान एकाच गोष्टीकडे बघून जवळपास एकच विनोद करत होते. आणि तो लॅटिन 'मुस', इंग्रजी 'माऊस' आणि गणपतीपुढचा मूषक हे एकाच घराण्यातले. हे कळल्यावर 'मसल'चं स्पेलिंग लिहिताना मधला न उच्चारलेला 'सी' कुठून आला हेही आपोआप कळतं. तो उंदराच्या शेपटीसारखा मागे राहिला आहे.

'विंडो'चंही असंच. जुन्या नॉर्स भाषेत तो 'वाऱ्याचा डोळा' होता. आपल्या गवाक्षात बैलाचा डोळा आहे. कुणाला भिंतीतल्या भोकात डोळा दिसावा हे मला फार आवडतं, पण पुढे जाते.

'रायव्हल' मात्र सोडवत नाही. लॅटिनमध्ये 'रीवुस' म्हणजे ओढा. एकाच ओढ्याचं पाणी दोन शेतांना जातं, ते दोघे शेतकरी एकमेकांचे 'रिवालिस'. ज्याचं गाव अजून सुटलेलं नाही अशा कुठल्याही मराठी कुटुंबातल्या पोराला हे समजावून सांगावं लागत नाही. पाटाच्या पाण्यावरून, बांधाच्या वितीवरून कुणाची तोंडं कुणाशी पिढ्यान्‌पिढ्या बंद आहेत हे त्याने आजोबांकडून ऐकलेलं असतं. संस्कृतात प्रतिस्पर्ध्याला 'सपत्न' म्हणतात, ते सवतीवरून. रोमनांना शत्रुत्व पाण्यावर दिसलं, आपल्या पूर्वजांना माजघरात. दोघांचंही खोटं म्हणवत नाही.

या तिन्ही शब्दांत मी नवीन काहीच शिकवलं नाही. मुलाकडे जे होतं त्याला इंग्रजी शब्द नुसता टांगला. बेटकुळी त्याच्याकडे होती, पाण्याची भांडणं होती, वाणी होता. इंग्रजीच्या वर्गात शिरताना हे सगळं आपण त्याला बाहेर चपलांजवळ काढून ठेवायला लावतो, आणि मग वर्षभर तक्रार करतो की पोरांच्या डोक्यात शब्द टिकत नाहीत.

आता दुसरी बाजू. कुळाचा नाद लागला की माणूस बहकतो, आणि मी बहकलेली आहे म्हणून अधिकाराने सांगते.

एक प्रकार मोबाइलवर रोज सकाळी गुड मॉर्निंगच्या गुलाबाबरोबर येतो. 'न्यूज' म्हणजे नॉर्थ, ईस्ट, वेस्ट, साऊथ. 'गॉड' म्हणजे जनरेटर, ऑपरेटर, डिस्ट्रॉयर. दोन्ही थापा. 'न्यूज' हा 'न्यू'वरूनच आलेला आहे, नव्या गोष्टी, बस. आणि 'गॉड' हा शब्द जनरेटर येण्याच्या शेकडो वर्षं आधीपासून लोक उच्चारत होते. 'सॅलरी'ची गोष्ट अर्धी खरी. त्या शब्दाच्या पोटात लॅटिन मीठ आहे हे नक्की. पण रोमन सैनिकांना पगार म्हणून मीठ वाटत असत, याला भक्कम पुरावा मिळत नाही. ही गोष्ट मी स्वतः वर्गात अनेक वर्षं रंगवून सांगितली, 'खाल्ल्या मिठाला जागणे' जोडून. जोड छान होती. पुरावा नव्हता.

दुसरा प्रकार जास्त चिवट: जगातला प्रत्येक शब्द संस्कृतातून निघाला. मूषक आणि माऊस एका घराण्यातले म्हटलं की लगेच कुणीतरी माऊसला मूषकाचा मुलगा करून टाकतो. अहो, ते मावसभाऊ आहेत. दोघांची आजी एक, ती कधीच गेली, तिचा फोटोही नाही. मावसभावाला मुलगा म्हटल्याने आपलं घर मोठं होत नाही, वंशावळ तेवढी बिघडते. आणि 'चर्चा'वरून 'चर्च' काढणाऱ्यांशी मी आता चर्चा करत नाही.

पण खरा धोका या थापांचा नाही. कूळ अगदी खरं असलं तरी ते फसवू शकतं, आणि हे मला एका मुलाने शिकवलं.

'माय ग्रँडमदर' या निबंधात त्याने लिहिलं होतं, 'माय ग्रँडमदर इज व्हेरी कनिंग.' मी ते वर्गात वाचून दाखवलं. सगळे हसले. मी पण हसले, आणि ते आजही मला लागतं. कारण त्याचं काही चुकलंच नव्हतं. आमच्याच पद्धतीने तो चालला होता. त्याला लिहायचं होतं, माझी आजी फार चतुर आहे. त्याने शब्दकोशात 'चतुर' काढला. समोर तीन-चार शब्द ओळीत उभे होते, त्यातला त्याने एक उचलला. आम्ही त्याला शब्द आणि अर्थ यांच्यामध्ये बरोबरचं चिन्ह असतं असंच शिकवलं होतं. मग कुठलाही घेतला तरी काय बिघडलं?

आणि कुळाकडे गेलो तर त्या मुलाचीच बाजू जड होते. 'कनिंग' जुन्या इंग्रजीतल्या 'जाणणे' या धातूवरून आला. 'नो' आणि 'कॅन' त्याचेच सोयरे, आणि लांबून आपला 'ज्ञा'सुद्धा. एके काळी कनिंग माणूस म्हणजे जाणता माणूस. आजी जाणती होतीच. पण आज इंग्रजीत कनिंग म्हणजे लबाड, कोल्ह्यासारखा. जाणता कधी लबाड झाला ते शब्दाच्या मुळात लिहिलेलं नसतं. ते लोकांच्या तोंडी घडलेलं असतं.

मला जे त्या दिवशी वर्गात सुचायला हवं होतं ते घरी भांडी आवरताना सुचलं. आपल्या 'शहाणा'चंही हेच झालं आहे! शहाणा हा 'सज्ञान'चा वंशज. गुजरातीत तोच शाणो. तोही 'ज्ञा'चाच नातू, म्हणजे 'कनिंग'चा लांबचा भाऊ. आणि त्याचीही वाट तीच. 'शहाणं बाळ' हे कौतुक. 'फार शहाणा आहेस' हे आई कुठल्या स्वरात म्हणते त्यावर. 'दीडशहाणा' ही शिवी. 'अतिशहाणा त्याचा बैल रिकामा'. मुंबईचा 'शाणा' तर उघड उघड कनिंग. त्या मुलाला हे सगळं येत होतं. आईचा स्वर ऐकून शहाणा म्हणजे कौतुक की धपाटा, हे त्याला वयाच्या चौथ्या वर्षापासून कळत होतं. मी नुसतं विचारायला हवं होतं, 'तुझी आजी शहाणी आहे की शाणी?' तो आणि वर्ग, दोघेही खळखळून हसले असते, आणि त्याच्यावर नव्हे.

म्हणून कूळ लक्षात ठेवायला उपयोगी आहे, निवाडा करायला नाही. निवाडा वापर करतो. तो शिकायला मला न्यायमंदिरात जावं लागत नाही, शेवउसळीच्या गाडीवर जाते. बडोद्याची शेवउसळ खाल्ली नाही असा माणूस गावात सापडणं कठीण. नाव आपलं: 'उसळ' मराठी, 'तरी' (वरचा तिखट तवंग) हीही मराठी. पण आमच्या घरी उसळ म्हणजे मोड आलेली मटकी, वर खोबरं-कोथिंबीर, पोळीशी खायची. गाडीवर उसळ म्हणजे पांढऱ्या वाटाण्याचा पातळ रस्सा, वर मूठभर शेव, पातीचा कांदा, लसणीची लाल तरी आणि बरोबर पाव. पुण्याहून आलेल्या माझ्या नणंदेने पहिल्यांदा ताट बघून विचारलं, "यात उसळ कुठंय?" गाडीवाल्या भाईने तिच्याकडे असं पाहिलं की वन्संच चुकल्या. आणि त्या चुकल्याच होत्या. शब्द मराठीतून गेला असेल, पण तिथे बसून तो कशाला म्हणायचा हे ठरवण्याचा हक्क आता तिथे बसून खाणाऱ्यांचा आहे.

हीच नजर इंग्रजीकडे लावली की बरेच झगडे मिटतात, आणि काही नवे सुरू होतात. आपली मुलं 'गिव्ह एक्झॅम' म्हणतात, कारण आपण परीक्षा देतो. 'क्लोज द लाइट' म्हणतात, कारण घरात 'लाइट बंद कर' ऐकतात. इंग्रजीत परीक्षा 'घेतो' तो विद्यार्थी, शिक्षक नव्हे, हे मुलांना वेडेपणाचंच वाटतं. मग मी त्यांना विचारते, मराठीत पाऊस पडतो, ऊन लागतं, घाम येतो आणि थंडी वाजते. थंडी काय ढोल आहे वाजायला? सगळे हसतात. मग कळतं की कुठल्या शब्दाशेजारी कुठला शब्द बसतो याला कारण विचारायचं नसतं, ओळख वाढवायची असते. आणि ओळख एका वाक्यात होत नाही. 'धिस इज अ बॅनियन ट्री' या वाक्यात बॅनियनच्या जागी मँगो घाला, नीम घाला, काहीही फरक पडत नाही. ज्या वाक्यातून शब्द उचलून दुसरा ठेवला तरी चालतं, त्या वाक्याने त्या शब्दाबद्दल काहीच सांगितलेलं नसतं. पारंब्या जमिनीला टेकून त्यांची खोडं झाली, असं वाक्य असेल तर तिथे नीम बसवून दाखवा.

'गिव्ह एक्झॅम' चूक की बरोबर? बडोद्याच्या बसमध्ये बरोबर. लंडनच्या अर्जात चूक. मी मुलांना दोन्ही सांगते. शुद्धतेवाले माझ्यावर रागावतात, त्यांनी आधी शेवउसळीवाल्याला सुधारून यावं.

आता पालक. एका आईने मला तोंडावर विचारलं, "काकू, तुम्ही इंग्रजी मराठीतून सांगता, मग त्याला इंग्रजी येणार कसं? शाळेत तर मराठी बोलायलाच मनाई आहे." या प्रश्नाला मी हसण्यावारी नेत नाही. तिच्या मनात एक खरा हिशेब आहे: जेवढं इंग्रजी कानावर पडेल तेवढं येईल. हे खरंही आहे, ज्या मुलाच्या कानावर ते दिवसभर पडतं त्याच्यासाठी. पण इथल्या दांडियाबाजारातल्या मराठी मुलाचा दिवस बघा. घरी मराठी. रस्त्यावर, खेळात, दुकानात गुजराती. मोबाइलवर हिंदी. गुजरातने २०२३ मध्ये कायदा करून पहिली ते आठवी गुजराती सगळ्या शाळांत सक्तीची केली, तेव्हा वर्गात तीही आहे, आणि ते योग्यच आहे. इंग्रजी उरतं तासाच्या चाळीस मिनिटांपुरतं, तेही बहुतेक फळ्यावर. एवढ्या पाण्यात पोहायला शिकवायचं म्हणून काठावरचा हात काढून घेणं हा कुठला न्याय? घरची भाषा ही इंग्रजीची सवत नव्हे. (बघा, सपत्न आलाच.)

मराठीच हवी असाही माझा हट्ट नाही. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या मराठी मुलांना मराठी बोलता येतं पण वाचताना ती अडखळतात, गुजराती मात्र सराईत वाचतात. त्यांना मी 'शाणो' वरून सांगते. ज्या भाषेत मुलाला चेष्टा कळते त्या भाषेत शब्दाचं कूळ सांगावं, माझी कसोटी एवढीच.

आणि हे या गावाला नवीन आहे असंही नाही. १८७५ मध्ये नाशिककडच्या कवळाण्याहून बारा वर्षांचा एक मुलगा इथे दत्तक आला, तोवर शाळेची फारशी ओळख नसलेला. एलियट नावाचे इंग्रज शिक्षक त्याला मिळाले, पण इंग्रजीबरोबर मराठी, गुजराती आणि उर्दूही त्याला शिकवली गेली. मोठेपणी त्या सयाजीरावांच्या राज्यात १८९० मध्ये कलाभवन ही तंत्रशिक्षणाची शाळा निघाली, तेव्हा ती उभारणाऱ्या त्रिभुवनदास गज्जरांचा आग्रह होता की कारागिरी आणि विज्ञान लोकांच्या भाषेत शिकवावं. पुढे १९३१ मध्ये राज्याने 'सयाजीशासनशब्दकल्पतरू' हा कोश काढला. कारभारातल्या इंग्रजी शब्दांपुढे गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी आणि बंगाली प्रतिशब्द. इंग्रजी धरून आठ भाषा. त्यातले किती शब्द कचेऱ्यांत रुजले हा वेगळा विषय, पण त्या कोशाच्या मांडणीकडे बघा. रकाने त्यांनीही आखलेच होते. फरक असा की एका इंग्रजी शब्दाला एकच प्रतिशब्द देऊन ते मोकळे झाले नाहीत. सात भाषांच्या दारावर जाऊन विचारलं, तुमच्याकडे याला काय म्हणतात? आमच्या सातवीच्या वहीत एकाच दारावर विचारतात, आणि ते दारही इंग्रजीच.

दुसरी तक्रार शिक्षकांची, आणि तिच्यापुढे मी मऊ पडते. वेळ कुठे आहे? एकेका धड्यामागे वीस शब्द, वर्गात साठ मुलं, तपासायच्या वह्यांचा ढीग. वीस शब्दांची वीस कुळं कोण सांगणार? कुणीच नाही, आणि सांगूही नयेत. बऱ्याच शब्दांना सांगण्याजोगी गोष्टच नसते. 'टेबल'ला कूळ असून उपयोग नाही, टेबल दाखवावं. आठवड्याला तीन शब्द असे घ्यावेत की ज्यांना गोष्ट आहे, बाकीचे धड्यातल्या वाक्यांवर सोडावेत. पाठ्यपुस्तकवाल्यांनी धड्याखालची शब्दार्थांची पेटी निम्मी करावी आणि उरलेल्या जागेत त्याच शब्दाची चार वेगळी वाक्यं छापावीत, चांगल्या लेखकांची. परीक्षेत 'समानार्थी शब्द लिहा' याऐवजी विचारावं: आजीबद्दल लिहिताना 'क्लेव्हर', 'वाइज' आणि 'कनिंग' यांतला कुठला शब्द घ्याल, आणि का? 'का'चं उत्तर मराठीत किंवा गुजरातीत लिहिलं तरी पूर्ण गुण. हे ऐकून माझ्या एका जुन्या सहकाऱ्याने कपाळाला हात लावला होता. तपासायला अवघड जाईल म्हणाला. जाईलच. एका शब्दाच्या उत्तरावर लाल खूण मारणं सोपं असतं, मी अठ्ठावीस वर्षं मारली आहे.

मुलीकडे परत येते. बॅनियनच्या पुढच्या आठवड्यात तिने वहीतले रकाने बदलले. तिसरा पहिला केला आणि त्यात तिची स्वतःची तीन वाक्यं लिहिली. एक आईच्या वटपौर्णिमेबद्दल होतं, एक पारंब्या छाटणाऱ्या माणसाबद्दल, एक बाबांच्या बनियनबद्दल. तिसरं व्याकरणात साफ चुकलं होतं, आणि मी तिथे आधी हसले, मग दुरुस्त केलं. मग वही बाजूला सारून तिने एकदम विचारलं, "काकू, बटाटावड्यातला वडा पण वडावरूनच का?"

उत्तर माझ्या जिभेवर आलं होतं. मी ते गिळलं आणि कपाटाकडे बोट दाखवलं. खालच्या कप्प्यातला जाडजूड व्युत्पत्तिकोश तिने दोन्ही हातांनी ओढून काढला, फुंकर मारून धूळ उडवली, शिंकली, आणि जमिनीवर मांडी घालून 'व' शोधायला लागली.